छकुल्याची भक्ती आणि त्याचा डावा कान

तीर्थस्वरूप वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

लेकीकडचं हवापाणी तुम्हांला मानवलं असेल, कंबर सरळ झाली असेल आणि नातू आता माणसांच्या वेळेला झोपत असेल, अशी देवाकडे मागणी करूनच हे पत्र लिहायला घेतलं आहे. इकडे मी बरी आहे. तुमचे बंधूही बरे आहेत (म्हणजे मी विचारलं तेव्हा त्यांनी "हो हो, ठेव तिथेच" असं उत्तर दिलं, त्यावरून मी बरे धरले आहेत). तुमचं पत्र पोचलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी अर्ध्या ओळीत आणि छकुल्याच्या तब्येतीची दीड पानात आहे, ती वाचून तुम्ही मला अगदी घरचं समजता याची खात्री पटली. परक्या माणसाची कोणी इतकी कमी चौकशी करत नाही.

मागच्या पत्रात मी तुम्हांला कळवलं होतं की छकुल्या देवभक्त झाला आहे. ते पत्र तुम्ही लेकीच्या घरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलंत, विहीणबाईंचे डोळे भरून आले, आणि आता त्या छकुल्याला बघायला तुमच्याबरोबर आमच्याकडे येणार आहेत, हे वाचून माझेही डोळे भरून आले. माझं कारण वेगळं होतं. तेव्हा उगाच घोळवत न बसता आधीच सांगून टाकते, वन्सं: छकुल्या देवभक्त नाही. त्याचा कान दुखत होता.

एवढ्यावर सही करून पत्र बंद केलं असतं तर शाई वाचली असती. पण मग तुम्ही फोन केला असता, आणि फोनवर तुम्ही बोलता व मी ऐकते अशी आपली जुनी वाटणी आहे. पत्रात ती उलटी होते. म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुम्ही छकुल्याला आमच्या दारात सोडलंत तेव्हा सोबत एक सूचनापत्रक दिलं होतंत. त्यात त्याला कुठली उशी लागते, भात किती मऊ लागतो, झोपताना पाठीवरून हात कुठल्या दिशेनं फिरवायचा (मानेकडून शेपटीकडे, उलटा फिरवला तर त्याला वाईट वाटतं), आणि त्याच्यासमोर 'कुत्रा' हा शब्द उच्चारायचा नाही, हे सगळं होतं. नव्या सुनेला सासर समजावून सांगायला मला कोणी अर्धं पानही दिलं नव्हतं, ते असो. पण एवढ्या पानांत कान हा शब्द कुठेही नव्हता. आणि तुमच्या चिरंजीवांचे कान म्हणजे काही लहान गोष्ट नाही. पोत्याएवढा देह आणि दोन्ही बाजूंना लोंबणारी दोन पायपुसणी. चालताना तो आधी येतो, कान मागून येतात.

आता आमच्या घरचा नियम तुम्हांला माहीत आहे. आंघोळ केल्याशिवाय देवाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. छकुल्याला माझ्यामागे तिथे यायचंच असे, आणि दार लावलं तर तो बाहेर असा आवाज काढे की शेजारच्यांना वाटावं घरात कोणीतरी गेलं. मग मी त्यालाही रोज सकाळी आंघोळ घालायला लागले. (तुमच्या पत्रकात महिन्यातून एकदा असं लिहिलं होतं. मी मनाशी म्हटलं, वन्संच्या घरी चालत असेल.) चांगली डोक्यावरून. नंतर जुन्या चादरीच्या तुकड्यानं पाठ पुसायची आणि कान तसेच ठेवायचे. लोंबतायत तर सुकतील आपोआप, त्यासाठी वेगळं फडकं कशाला भिजवायचं, असा माझा हिशेब.

असं चाललं असताना एक दिवस मी स्तोत्र म्हणत होते आणि सहज मागे पाहिलं, तर छकुल्या मान डावीकडे कलती करून बसलेला. अगदी तल्लीन. मी आवाज चढवला, तसं त्यानं डोकं जोरजोरात हलवलं. कान फटाफट दोन्ही गालांवर वाजले. माझ्या अंगावर काटा आला, वन्सं. जन्मभर मी म्हणतेय, आजवर कोणी मान डोलावली नव्हती. तुमचे बंधू तर माझं स्तोत्र सुरू झालं की वर्तमानपत्राचं आतलं पान उघडतात.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग आणखी काही दिवसांनी तो डोकं जमिनीला टेकवून, डावा गाल सतरंजीवर घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत जायला लागला. आता याला तुम्ही लोटांगण नाही म्हणणार तर काय म्हणणार? आणि त्यानंतर त्यानं कळसच केला. पाटाभोवती गोल गोल फिरायला लागला. नेहमी डावीकडूनच. मी हात जोडले. त्यालाच. (हे तुमच्या बंधूंनी पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि काही न बोलता निघून गेले. त्या माणसाच्या न बोलण्यात जितकं असतं तितकं बोलण्यात कधी नसतं.)

खोलीत एक विचित्र वास येत असे खरा. आंबूस. मी उदबत्त्या वाढवल्या आणि तो जादा खर्च वहीत देवकार्याच्या खात्यावर टाकला. ज्याचं निमित्त त्याच्या नावावर, एवढा साधा नियम मी पाळते.

ही गोष्ट मी फक्त एका बाईला सांगितली. ती बाई म्हणजे आमच्या प्रार्थनामंडळाच्या अध्यक्षबाई, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती सगळ्या मंडळाला कळली. या अध्यक्षबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही बोलताना समोरच्याची नखं तपासतात. मंडळात इतकी वर्षं मी शेवटच्या रांगेत, दाराशी. देवानं मला दिलेला आवाज थोडा रुंद आहे हे मला मान्य आहे. पण त्यावर अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तुम्ही मनातल्या मनात म्हणत जा हं. देवाला तेही पोचतं." आणि आता काय झालं, तर सगळं मंडळ छकुल्याला बघायला आमच्या घरी आलं, अध्यक्षबाईंनी आपल्या गोड गळ्यात दोन पदं म्हटली, आणि छकुल्या ढिम्म झोपून राहिला. मग मी सुरू केलं. छकुल्यानं तत्काळ उठून मान कलती केली, कान फडफडवले, लोटांगण घातलं आणि पाटाला वेढा घातला. बायका गहिवरल्या. एकीनं त्याच्या पायाला हात लावला आणि तोच हात मग माझ्याही पायाला लावला. त्या दिवसापासून मी पहिल्या रांगेत, आणि पद सुरू करायचा मान माझा. अध्यक्षबाई माझ्यामागे म्हणायच्या. मनातल्या मनात नव्हे, पण जवळजवळ.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. तुम्हांला मी मागचं पत्र लिहिलं ते त्याच आठवड्यातलं. म्हणून त्यात एवढी उद्गारचिन्हं.

लवकरच मंडळाचा वार्षिक मेळावा होता. बाहेरच्या मोठ्या मंडळांतल्या बायका येणार, छकुल्या आणि मी मंचावर बसणार, असं ठरलं. तयारी बघायला अध्यक्षबाई घरी आल्या, आणि जाताना त्यांनी आशीर्वाद देतात तसा छकुल्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो नेमका डाव्या कानावर पडला. वन्सं, तुमच्या चिरंजीवांनी आजवर माशीलाही दुखवलेलं नाही हे मी मान्य करते (माशी नाकावर बसली तर ते जागा बदलतात). पण त्या क्षणी असा काही कळवळून ओरडला आणि असा झडप घालून वळला की अध्यक्षबाईंच्या पर्सचा पट्टा त्याच्या दातांत आणि अध्यक्षबाई आमच्या खुर्चीवर. बसलेल्या नव्हे, उभ्या. मग खाली उतरून, श्वास आवरून त्या म्हणाल्या, "त्याला माझ्यातला अहंकार दिसला असेल." बरोबर आलेल्या बायकांपैकी कोणीही "छे छे, असं कसं" म्हटलं नाही. ती शांतता मी अजून अधूनमधून आठवते.

त्या गेल्यावर मी छकुल्याला जवळ घेतलं आणि पहिल्यांदा तो कान उचलून पाहिला. आतून लालभडक, सुजलेला, तपकिरी चिकट मळानं भरलेला. आणि वास. तो वास मी ओळखते. पीठ भिजवून विसरलं, दोन दिवस झाकून राहिलं, की झाकण उघडल्यावर जो येतो तो. इतके दिवस मी त्याच्यापुढे उदबत्ती ओवाळत होते.

मी लगेच अध्यक्षबाईंना फोन केला की कुत्रा आजारी आहे. त्या म्हणाल्या, "मेळाव्यापर्यंत थांबता येईल ना? औषधानं तो डोलायचा थांबला तर?" मी म्हटलं, "अहो, पण दुखतंय त्याला." तर म्हणतात, "भक्ताला थोडं सोसावंच लागतं." भक्ताला सोसावं लागत असेल, पण त्याच्या वतीनं सोसायचं दुसऱ्यांनी ठरवायचं असतं हे मला माहीत नव्हतं. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतच.

पण हेही सांगायला हवं की मी फोन ठेवला तो "बघते" म्हणून. पहिली रांग सोडणं सोपं नसतं, वन्सं. शेवटच्या रांगेतून आलेल्या बाईला तर नाहीच. मी मधला मार्ग शोधला. तुम्हांला आमच्या कपाटातला औषधांचा कप्पा माहीत आहे. आमच्या घरात औषध संपत नाही, ते निवृत्त होतं. त्यात तुमच्या बंधूंच्या कानाच्या थेंबांची बाटली होती, कधीतरी त्यांचा कान गच्च झाला होता तेव्हाची, जवळजवळ भरलेली (बरं वाटलं म्हणून यांनी मध्येच सोडून दिले होते). म्हटलं, कान तो कान. हे छकुल्याला धरून बसले, मी बाटली उलटी केली, त्याच वेळी त्यानं डोकं झटकलं, आणि सगळे थेंब यांच्या वर्तमानपत्रावर. एकही कानात गेला नाही. त्या वेळी मी फार हळहळले. पुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा देवाचे आभार मानले, पण तो भाग पुढे येईल.

मेळाव्याच्या सकाळी मी नेहमीसारखी देवासमोर बसले. छकुल्या आला, मान कलती केली, गोल फिरायला लागला, आणि फिरता फिरता तोल जाऊन पाटावर आपटला. उठला. पुन्हा मान कलती, पुन्हा फिरायला सुरुवात. मध्येच थांबून माझ्याकडे बघत राहिला. मला पुढची ओळ आठवेना. मी देवाला म्हटलं, आज एवढंच, बाकीचं उद्या. आणि यांना म्हटलं, चला. (यांनी विचारलं, "मेळाव्याला?" मी म्हटलं, "जनावरांच्या डॉक्टरकडे." ते म्हणाले, "हो, पण मंचावर मी बसणार नाही." मी वाद घातला नाही.)

दवाखान्यात बाकावर आमच्या एका बाजूला पिंजऱ्यातला पोपट आणि दुसऱ्या बाजूला तीन ससे मांडीवर घेतलेला शिपाई. पोपट सगळा वेळ "नंबर कितवा, नंबर कितवा" करत होता. त्याला काय झालं होतं कोण जाणे, वाचा तरी नीट होती. डॉक्टरबाई वयानं लहान, पण बोलणं असं की मला वाटलं यांनाही मंडळात पहिल्या रांगेत बसवावं. त्यांनी छकुल्याच्या कानात दिवा असलेली नळी घालून बराच वेळ पाहिलं, कापसाच्या बोळ्यावर थोडा मळ घेऊन काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग विचारलं, "आंघोळ कधी घालता?"

मी अभिमानानं म्हटलं, "रोज. डोक्यावरून."

"कान कोरडे करता?"

मी म्हटलं, "ते आपले आपण सुकतात."

त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या की मला माझी नखं झाकावीशी वाटली. म्हणाल्या, असे लोंबते कान म्हणजे झाकण लावलेलं भांडं. आत ओल राहिली की ती उबते आणि बुरशी धरते. मग खाज येते, म्हणून तो डोकं झटकतो. दुखतं, म्हणून जमिनीवर घासतो. दुखणं पार आतपर्यंत गेलं की मान एका बाजूला कलते, तोल सुटतो, आणि कुत्रं दुखऱ्या बाजूला गोल फिरत राहतं. "बाई, हे आठवडाभराचं नाही. इतके दिवस तुम्हांला काहीच दिसलं नाही?"

काय सांगणार? दिसलं होतं, सगळं दिसलं होतं. डोलणं, लोटांगण, प्रदक्षिणा. एकही लक्षण माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी म्हटलं, "आम्हांला वाटलं, त्याचा स्वभाव आहे."

मग त्यांनी विचारलं, घरात मांजर आहे का? कारण काचेवर बुरशीबरोबर कानातले बारीक किडेही दिसत होते, आणि ते बहुतेक वेळा मांजराकडून येतात. मी स्वच्छ सांगितलं, नाही. (तुम्ही आला होतात तेव्हा ती काळी मांजर तुम्हांला दिसली असेल. ती आमची नाही. ती येते, दूध पिते आणि छकुल्याच्या कानाला डोकं लावून झोपते, एवढाच तिचा आमच्याशी संबंध.) तेवढ्यात तुमचे बंधू, ज्यांना घरी चार हाका मारल्याशिवाय काही ऐकू येत नाही, ते नेमके ऐकते झाले आणि म्हणाले, "हिच्या गादीवर झोपते ती का?"

तिलाही आणावं लागलं. पिशवीतून. तिच्या कानात चहाची भुकटी भरल्यासारखे काळे कण होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, मांजराच्या कानात असा कोरडा काळा भुगा दिसला की किडेच समजा. आणि एकाला औषध देऊन दुसऱ्याला सोडलं तर दोघंही पुन्हा आजारी. मग मी पर्समधून ती यांच्या थेंबांची बाटली काढून दाखवली. ती पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. कानाचा पडदा फाटलेला असेल आणि भलतं औषध आत गेलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, म्हणाल्या. तेल नाही, घरगुती काही नाही, काडीला कापूस लावून खोल कोरायचं तर मुळीच नाही, मळ आणखी आत जातो. छकुल्याचा पडदा शाबूत होता. माझ्या आयुष्यात मी कुठलंही औषध वर्तमानपत्रावर सांडल्याबद्दल इतकी आनंदले नव्हते.

औषधाचं म्हणाल तर ते लिहायला सोपं आहे. पोटात द्यायच्या गोळ्या, त्या त्यानं मऊ भाताबरोबर गिळल्या, तुमच्या पत्रकाचा तेवढा उपयोग झाला. कानाचं मात्र असं: आधी कान धुवायचं औषध कान भरून ओतायचं, कानाच्या बुडाशी हलक्या बोटांनी चोळायचं, आत चपचप आवाज यायला हवा, मग त्याला डोकं झटकू द्यायचं, वर आलेला मळ कापसानं टिपायचा, आणि मग थेंब. यातले 'डोकं झटकू द्यायचं' हे तीन शब्द डॉक्टरबाई किती सहज बोलल्या! घरी त्यानं ते झटकलं तेव्हा हे समोर बसले होते. चष्मा, मिशा, सदरा, मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्याला सारखा वाटा मिळाला. काळीला टॉवेलात घट्ट गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवायचं होतं. तिचं डोकं बाहेर राहिलं आणि माझ्या हाताचं कातडंही. शेजारीण धावत आली, तिला वाटलं आम्हा दोघांचं अखेर काहीतरी झालं. थोडी निराश होऊन परत गेली.

काही दिवसांत कान छान दिसायला लागला, वास गेला. मी थेंब बंद केले आणि उरलेली बाटली कप्प्यात ठेवली, पुढे कधी लागली तर. चांगलं औषध बऱ्या कानात घालून वाया कशाला घालवायचं? लागली ती लगेचच लागली. पुन्हा तोच वास, पुन्हा झटकणं, पुन्हा डॉक्टरबाई. या वेळी त्या मला बसा म्हणाल्या नाहीत. वरून बरं दिसणं आणि आतून बरं होणं यात फरक असतो, मी पुन्हा काच तपासून "आता बंद करा" म्हणेन तेव्हाच बंद, असं त्यांनी मला उभ्यानंच ऐकवलं. मी ऐकलं. शेवटच्या थेंबापर्यंत दिलं, काच पुन्हा तपासून घेतली, आणि त्यांनी हसून छकुल्याची पाठ थोपटली (शेपटीकडून मानेकडे, त्याला वाईट वाटल्याचं दिसलं नाही).

तेव्हा तुमचे चिरंजीव आता ठणठणीत आहेत. मान सरळ, चाल सरळ. आंघोळ तुमच्या पत्रकाप्रमाणे, आणि त्यानंतर कान कोरडे करायला त्याला स्वतंत्र फडकं मिळालं आहे, जे या घरात अजून मलाही नाही. दर आठवड्याला मी कान उलटून बघते आणि हुंगते. मॅट्रिक झालेली बाई कुत्र्याचा कान हुंगते आहे हे बघायला अध्यक्षबाई नाहीत, एवढंच बरं.

मेळावा आमच्याशिवाय झाला. पण छकुल्या बरा झाल्याचं कळल्यावर मंडळानं आम्हांला पुन्हा एकदा बोलावलं. अध्यक्षबाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं, सगळ्या बायका सरसावून बसल्या, छकुल्या माझ्याशेजारी डोळे मिटून शांत पडला होता. मी पद सुरू केलं. छकुल्यानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, असं की जणू माझा आवाज त्याच्या कानात आज पहिल्यांदाच सगळाच्या सगळा शिरला. मग तो उठला, बायकांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेला, आणि दार नाकानं ढकलून बाहेर जाऊन बसला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कान अगदी स्वच्छ बरा झालाय हो त्याचा."

मी सध्या शेवटच्या रांगेत आहे. दाराशी. बाहेर छकुल्या बसलेला असतो, तो तिथून दिसतो.

लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना यथायोग्य, नातवाच्या गालाला माझ्या वतीनं हात लावा (कानाला नको).

तुमची,
भावजय

ता. क. विहीणबाईंना हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर "माझ्या अंगावर काटा आला" इथपर्यंत दाखवा आणि पुढची पानं प्रवासात हरवली म्हणा. त्या आल्याच तर छकुल्याला मी म्हणायला सुरुवात करायच्या आधी फिरायला पाठवू.

दुसरा ता. क. डॉक्टरबाईंच्या कागदावर काळीच्या नावापुढे 'मालक' असा रकाना होता. तो रिकामा ठेवला तर औषध देत नाहीत. म्हणून माझं नाव घातलं आहे. ती आमची नाहीच.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच आहे. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी यांच्याकडे बघून मला विचारलं होतं, "आणि यांना असं कधीपासून?" मी म्हटलं, काय कधीपासून? तेवढ्यात पुढचा नंबर आत आला. मग रस्ता ओलांडताना मागून ट्रक येत होता, भोंगा वाजवत. यांनी पाऊल पुढे टाकलं. छकुल्यानं जोर लावून दोरी मागे ओढली म्हणून हे वाचले. ज्याचा एक कान मळानं भरला होता त्याला ट्रक ऐकू आला, वन्सं, आणि यांना आला नाही. घरी आल्यावर मी बसून नीट आठवून पाहिलं. कितीतरी दिवस झाले, मी बोलत असले की हे मान कलती करून ऐकतात. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात. चार बायकांत मी ते सांगतही आले आहे.

मी डॉक्टरचं नाव काढलं की हे "हो हो, ठेव तिथेच" म्हणतात. तुमचं एकट्या थोरल्या बहिणीचं ते ऐकतात. (तुमचा आवाज तेवढा आहे.) तेव्हा नातवाला त्याच्या आईवर सोपवा आणि लवकर या, छकुल्याला न्यायचं निमित्त सांगा, आणि यांना हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. जुन्या बाटल्या मी सगळ्या फेकून दिल्या आहेत, यावरून माझी काळजी ओळखा.

फक्त डॉक्टरला बाजूला घेऊन एक विचारा. छकुल्या बरा झाल्यावर उठून बाहेर गेला, ते वर लिहिलंच आहे. तेव्हा ट्रकचा भोंगा ऐकू येण्यापुरता यांचा उजवा कान आधी करून घेता येईल का, म्हणावं. डाव्याची तशी घाई नाही. जेवताना मी डावीकडे बसते.